मारबतीच्या निगेटिव्ह : नऊ रोलवरून सातवर

बाबांच्या बिस्किटाच्या डब्यातले नऊ रोल स्कॅन झाले, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आज आकडा सात आहे. पहिले दोन रोल मी थेट जेपीजीत (फाइल लहान व्हावी म्हणून चित्रातली थोडी माहिती टाकून देणारा प्रकार) स्कॅन केले होते, ते आता पुन्हा करायला घेतलेत.

फोटो तन्हा पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे, नागपुरात इतवारीतल्या मारबतीच्या मिरवणुकीचे. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात तो बाईचा पुतळा. पस्तीस-चाळीस वर्षांत रंग उडून सगळं गुलाबी पडलंय. पिवळी मारबत निदान पिवळी तरी दिसावी म्हणून निळ्या चॅनलचा कर्व्ह (त्या रंगाची पातळी कमी-जास्त करणारी रेघ) ओढला, तर आकाशात पट्टेच पट्टे! जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या (८ बिट) मिळतात. माझ्या फ्रेममधला निळा त्यातल्या जेमतेम साठ-सत्तर पायऱ्यांत दाटीवाटीनं बसला होता. त्याला ताणून पूर्ण जागेवर पसरवलं की मधल्या पायऱ्या रिकाम्याच राहतात, आणि हिस्टोग्राम (कुठल्या पायरीवर किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) तुटक्या दातांच्या कंगव्यासारखा दिसतो. १६ बिटच्या टिफमध्ये (माहिती न टाकता साठवणारा प्रकार) त्याच रंगाला ६५,५३६ पायऱ्या असतात. तोच कर्व्ह तितकाच ओढला, आकाश जागचं हललं नाही.

दुसरा घोळ बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या टीका-टवाळीच्या पुतळ्याच्या, गळ्यातल्या पाटीचा. पिवळ्यावर लाल अक्षरं. ४०० टक्क्यांवर पाहिलं तर लाल रंग अक्षराबाहेर सांडलेला आणि कडेनं मुंग्या लागल्यासारखे ठिपके. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं. शिवाय उजेड पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रिझोल्यूशनवर आणतं. चेहरे, झाडं, गर्दी यांत ते खपून जातं, लाल अक्षरात मात्र लगेच उघडं पडतं.

“जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की खराब होतं” हे आपण सगळेच म्हणतो, म्हणून एका रात्री करूनच पाहिलं. काहीही न बदलता त्याच क्वालिटीवर दहा वेळा सेव्ह केलं, तर पहिल्या दोन-तीन वेळांनंतर फरक जवळपास थांबला. पण दर वेळी वरून तीन पिक्सेल कापून सेव्ह केलं, तेव्हा चौकोनांची जाळी दर वेळी नव्या जागी बसली आणि दहाव्या फाइलमध्ये ढोल वाजवणाऱ्याच्या हातावर खपल्या धरल्या. आपण उघडतो ते क्रॉप करायला, डाग पुसायला, सरळ करायला. म्हणजे आपलं नुकसान दुसऱ्या प्रकारचं.

आता हिशेब. ३२०० डीपीआयला (इंचाला तितके बिंदू) ३५ मिमीची फ्रेम साधारण ४५३५ बाय ३०२४ पिक्सेल होते. १६ बिट टिफ म्हणजे फ्रेममागे ८२ एमबी, ३६ फ्रेमच्या रोलला जवळपास ३ जीबी. एलझेडडब्ल्यू (माहिती न टाकता फाइल दाबायची एक पद्धत) लावून जागा वाचवायला गेलो तर फाइल उलट फुगली! १६ बिटच्या दाणेदार स्कॅनमध्ये असं होतं. झिप कॉम्प्रेशन लावा, थोडी तरी उतरते. दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक ताईकडे धरमपेठेत ठेवली.

मात्र सगळंच टिफमध्ये ठेवायचा सोवळेपणा मला पटत नाही. चांगल्या स्थितीतले कागदी प्रिंट मी ६०० डीपीआयला ८ बिट टिफ करतो. त्यांचे रंग फारसे ताणावेच लागत नाहीत. डब्यात निघालेलं मंडळाचं काळ्या शाईतलं पत्रक पीएनजी (हाही माहिती न टाकणारा प्रकार) केलं. सपाट कागद, सपाट शाई; फाइल जेपीजीपेक्षा लहान झाली आणि अक्षर कोरल्यासारखं. पुतण्याच्या आयफोनमधले यंदाचे फोटो एचईआयसीत (आयफोनच्या नेहमीच्या फाइल प्रकारात) आले, ते तसेच ठेवले आणि वाटायला जेपीजी काढले.

प्रिंटसाठी सीताबर्डीवरच्या लॅबमध्ये उत्साहानं टिफ घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “भाऊ, हे उघडून नाही राहिलं. जेपीजी आना ना.” आणली. एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत), क्वालिटी ९५. आठ बाय बाराच्या प्रिंटमध्ये मला स्वतःला फरक शोधता आला नाही. काम संपल्यावर एकदाच जेपीजी करायला माझी काहीच हरकत नाही; आधीच केली ही माझी चूक. आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर तिथं आणखी एकदा दाबली जाते आणि तारखेची नोंदही पुसते.

कूलर असलेल्या खोलीत निगेटिव्ह उघडू नका, हे परत सांगतो. ओलाव्यानं आठव्या रोलच्या तीन फ्रेमना बुरशीचं जाळं आहेच, त्यात भर नको. मी रात्री अकरानंतर कूलर बंद करून, घाम पुसत बसतो.

परवा पहिल्या रोलची चौदावी फ्रेम पुन्हा स्कॅन झाली. बडग्याच्या पाटीवरचा पहिला शब्द जेपीजीत लाल चिखल झाला होता, आम्ही घरात त्यावर पैजा लावल्या होत्या. आता वाचता येतो: “रॉकेलची रांग घेऊन जा गे मारबत.” आईनं “महागाई” सांगितलं होतं, तिच्याकडून पाव किलो संत्रा बर्फी येणं आहे.