मुंबईत सरड्याला दिवा कशाला?

परळच्या घरी येणारा पाहुणा असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, मला एकच विचारतो: "इथे आधीच घामाच्या धारा, आणि तुम्ही सरड्यांच्या डोक्यावर दिवे लावायचात?" बारा वर्षं मी एका प्राणिसंग्रहात सरपटणारे प्राणी सांभाळले. आजवर विषय बदलत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

दिवे दोन. एक उबेचा. आमचा सरडा म्हणजे हिरवा इग्वाना, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पाला खाणारा; तो पाला पचवायला अंग ३५ अंशांच्या वर तापवावं लागतं. जुलैत ढगांखाली आपली हवा २७-३० अंशांवर रेंगाळते. आपल्याला उकडतं, त्याला पुरत नाही. दुसरा दिवा अतिनील किरणांचा. त्यांच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्या वर्षी दिव्यांना नाही म्हणणारा मीच होतो. "पूर्वेला एवढी मोठी काच आहे, सकाळचं ऊन थेट फांदीवर येतं. आरेच्या जंगलातल्या घोरपडींना कोण दिवे लावतं?" भर बैठकीत बोललो, आणि सगळ्यांना पटलं. पण साधी काच उजेड आत सोडते, ऊब सोडते, आणि नेमके हवे ते किरण अडवते. घोरपड जागा बदलत मोकळ्या उन्हात फिरते, शिवाय उंदीर, अंडी खाते. तिला ड जीवनसत्त्व अन्नातूनही मिळतं. पाल्यावर जगणाऱ्या जनावराशी मी तिची तुलना केली.

आमच्याकडे एक तीन वर्षांची मादी होती. पावसाळ्यात तिच्या मांड्या गोल दिसायला लागल्या. लोक म्हणत, "काय बाळसं धरलंय!" मलाही बरं वाटायचं. फांदीवर चढणं कमी झालं, पायाची बोटं मध्येच थरथरायची. मी ते गारव्यावर ढकललं. ऑगस्टमध्ये वजन करायला तिला उचललं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, रोजच्यासारखाच. मांडीत कट् असा बारीक आवाज झाला. ती ओरडली नाही, सरडे ओरडत नाहीत. फक्त तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी तिचा खालचा जबडा बोटाने दाबला, तो रबरासारखा वाकला. एक्स-रेत हाड कुठलं नि मांस कुठलं, कळेना. ती गोलाई मांस नव्हतंच. हाड झिजत होतं आणि त्याभोवती तंतूंचा थर साचत होता. अकरा दिवसांनी ती गेली.

काच मी बसवली नव्हती, आणि पैसे वाचल्याचा आनंद मला एकट्याला झाला नव्हता. पण बोटं थरथरताना मी पाहिली होती.

पुढे दिवे आले. अतिनील ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसत असतानाच तिचे किरण उतरत जातात, म्हणून चालू ट्यूब बदलावी लागते. हिशेबनीस दरवर्षी भांडायचे, मीही भांडायचो.

"मग ठेवताच कशाला?" हा तुमचा पुढचा प्रश्न. मला दोन्ही बाजू पटतात. ज्या मुलांनी पहिल्यांदा इतका मोठा सरडा न घाबरता पाहिला, त्यांचे चेहरे आठवतात. ती मांडीही आठवते. नवीन ट्यूब लावली त्या सकाळी दुसरा इग्वाना सरळ तिच्याखाली जाऊन आडवा पसरला, डोळे मिटून, आणि दुपारपर्यंत हलला नाही.