दोन्ही टोकांची सुई

आमच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सकाळी दहाच्या सुमारास एक कचरावेचक ताई आल्या. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बायका नंतर ढकलगाडीजवळ बसून सुका कचरा हाताने निवडतात. तसा तो निवडताना त्यांच्या तर्जनीत सुई घुसली होती. येण्याआधी त्यांनी नळाखाली साबणाने बोट धुतले होते, आणि ती सुई झाकणाच्या डबीत घालून सोबत आणली होती.

सुई इन्सुलिन पेनची, म्हणजे मधुमेही ज्याने स्वतःला इन्सुलिन टोचतात त्या पेनसारख्या उपकरणाची होती. त्वचेत जाणाऱ्या टोकावर आतली छोटी टोपी बसवलेली होती, परंतु या सुईला मागेही एक टोक असते, जे पेनमधल्या इन्सुलिनच्या कुपीचे रबर भेदते, आणि सुई पेनवरून काढली की ते उघडे पडते. त्यांना टोचले होते ते हेच. मागच्या टोकाचा धोका पुढच्यापेक्षा कमी मानावा लागतो, पण सुई पोकळ असल्याने आणि रक्ताचा अंश कुपीपर्यंत उलटा जाऊ शकत असल्याने तो शून्य धरता येत नाही.

एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, आणि फार तर 72 तासांपर्यंत द्यायचा असतो, म्हणून तो लगेच दिला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्यांचे रक्त तपासणीस पाठवले. अशा प्रसंगी सगळ्यांच्या मनात एचआयव्हीच येतो. प्रत्यक्षात बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते, आणि तो विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. ताईंनी ही लस कधीच घेतलेली नव्हती.

‘‘पिशवी कुठली होती, सांगता येईल?’’ मी विचारले.

‘‘न सांगायला काय झालं? तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची. कचरा एवढा नीट बांधून दुसरं कोणी देत नाही.’’

निरोप मिळताच आजोबा रिक्षाने आले आणि स्वतःहून तपासणीस तयार झाले. ते ओला-सुका वेगळा करण्यात अत्यंत काटेकोर होते. सुई प्लॅस्टिक आणि धातूची, म्हणून ती सुक्यात, आणि कोणाला लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, असा त्यांचा हिशेब. अडचण नेमकी तिथेच होती, कारण कागदातून सुई सहज आरपार जाते आणि सुका कचरा हाच हाताने निवडला जातो. तेव्हा लागू असलेल्या 2016च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया आणि मुदत संपलेली औषधे ‘घरगुती घातक कचरा’ या तिसऱ्या गटात येत, आणि त्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक होते. आजोबांना असे केंद्र असते हेच ठाऊक नव्हते. आमच्या विभागातही कोणाला जवळच्या केंद्राचा पत्ता सांगता आला नाही.

आजोबांचे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सीचे अहवाल निगेटिव्ह आले. बी मात्र पॉझिटिव्ह होता, आणि त्याची त्यांना कल्पनाही नव्हती. रुग्णाचा अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही, म्हणून आधी मी त्यांच्याशी एकट्याशी बोललो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘त्या बाईंना सांगा, लपवू नका.’’ मग ताईंची एचआयव्हीची औषधे थांबवली आणि त्याच दुपारी एका हातात इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे), दुसऱ्या हातात लसीचा पहिला डोस दिला. आजोबांना यकृताच्या पुढील तपासण्यांसाठी पाठवले.

आता ते बाहेरच्या मोठ्या टोपीने सुई पेनवरून काढतात, द्रव साबणाच्या जाड बाटलीत टाकतात, आणि बाटली तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांकडे देतात. दवाखान्यातील सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यातून त्या जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्रात जातात. सगळे डॉक्टर अशा सुया घेत नाहीत. मला विचाराल तर, पेन लिहून देणाऱ्याने त्या परत घ्यायला हव्यात.

ताई महिन्याने दुसऱ्या डोससाठी आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर गाडीवरच्या आणखी चौघीजणी होत्या. त्यांच्यापैकीही कोणी लस घेतलेली नव्हती. त्या दिवशी पाच डोस दिले गेले.