तुम्ही विचारलंत म्हणून: एरिस मोठा की प्लूटो?

गणपतीला मुंबईहून आलेले माझे जुने विद्यार्थी आरती आटोपली की दाभोळच्या धक्क्यावर येऊन बसतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, तो दहावा ग्रह शेवटी केवढा निघाला?" २००५ साली प्लूटोहून मोठा ग्रह सापडल्याचं मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं. तेव्हा उत्तर देणं मी लागतोच.

तो दहावा ग्रह म्हणजे एरिस, आणि तो प्लूटोहून किंचित लहान आहे. त्याचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर, प्लूटोचा २,३७७. चिपळूणहून गुहागरला जाताना जेवढं अंतर कापतो, त्याहून थोडाच जास्त फरक.

माइक ब्राउन, चॅड त्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ या खगोलशास्त्रज्ञांना तो ५ जानेवारी २००५ला सापडला, पण अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने त्याची छायाचित्रं ऑक्टोबर २००३मध्येच टिपली होती. एरिस इतका हळू सरकत होता की संगणकाच्या चाळणीतून गळून गेला. प्लूटोच्याही पलीकडची सेडनासारखी संथ वस्तू सापडल्यावर त्यांनी जुनी छायाचित्रं पुन्हा पाहिली, आणि हा ठिपका हाती लागला. हाताशी असलेलं पुन्हा निरखणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

मग माप का चुकलं? रात्री लांबून जांभ्याची उघडी भिंत आणि चुना लावलेली भिंत पाहा. चुन्याची लहान असली तरी तितकीच उजळ दिसते. एरिस सूर्यापासून पृथ्वीच्या नव्वदपटीहून जास्त लांब आहे. दुर्बिणीतही जेमतेम ठिपका. उजेडावरून आकार काढायचा तर पृष्ठभाग किती पांढरा आहे ते आधी कळायला हवं. २००६ साली एका मापात तो तीन हजार किलोमीटरचा भरला, हबल दुर्बिणीने चोवीसशेच्या आसपास सांगितलं.

खरं माप मिळालं ते ६ नोव्हेंबर २०१०ला. हे मी मुलांना धक्क्यावरच समजावतो. समोर धोपाव्याचा दिवा दिसतो. समुद्राकडे निघालेली लाँच मधून गेली की दिवा झाकला जातो. लाँचचा वेग ठाऊक असेल, तर दिवा किती सेकंद दिसेनासा झाला यावरून तिची लांबी निघते. त्या रात्री एरिस एका अंधुक ताऱ्यासमोरून गेला. चिलीमध्ये दोन ठिकाणांहून तारा विझताना आणि पुन्हा उजळताना टिपला गेला. दोन्हीकडे तो वेगवेगळा वेळ झाकला गेला होता, म्हणून सावलीचा गोल आखता आला. एरिस लहान भरला, म्हणजेच अपेक्षेहून फार पांढरा. पडलेल्या उजेडातला नव्वद टक्क्यांहून जास्त तो परत फेकतो. गोठलेल्या मिथेनचं ताजं हिव असावं, असं मानतात.

एवढ्यावर मुलं जरा हिरमुसतात. तेव्हा मी वजनाचं सांगतो. डिस्नोमिया नावाचा त्याचा चंद्र सुमारे सोळा दिवसांत फेरी मारतो. त्या फेरीवरून कळलं की एरिस प्लूटोहून सव्वापटीहून जास्त जड आहे. आकाराने कमी, तरी आत खडक जास्त. २००६च्या ऑगस्टमध्ये प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांना ग्रहाची व्याख्या ठरवावी लागली, ती मुख्यतः एरिसमुळे. एरिस आणि प्लूटो दोघेही बटुग्रह ठरले, म्हणजे ग्रहांच्या यादीबाहेरचे छोटे गोल.

भाद्रपदात आभाळ क्वचितच मोकळं मिळतं. मिळालं, तर मध्यरात्री पूर्वेला माडांच्या वर तिमिंगल तारकासमूह येतो. तिथला एरिस डोळ्यांना दिसत नाही. तरी मी त्या बाजूला बोट करतो, आणि तिशी ओलांडलेली ती मुलं बराच वेळ तिकडेच बघत राहतात.