आधी पेट्रोल, मग बूस्ट

2004 ची ऑक्टेव्हिया आरएस, 1.8 टर्बो, मुळात 150 अश्वशक्ती. ही गाडी 200 पर्यंत न्यायची म्हटलं की बहुतेकजण पहिला हात बूस्टला, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेच्या दाबाला, घालतात. माझं ठाम मत उलटं आहे. जास्तीच्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल पोचतंय याची खात्री होईपर्यंत बूस्टला हात लावूच नका. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटते. त्याला काही सेकंद पुरतात.

हिशेब सोपा आहे. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 270 ग्रॅम पेट्रोल धरा. 200 साठी 54 किलो, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरपैकी एकाला मिनिटाला सुमारे 304 सीसी. ड्युटी सायकल (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते प्रमाण) 80 टक्क्यांवर थांबवायची, म्हणून इंजेक्टर 380 सीसीचा हवा. त्यात आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधनाचं आदर्श गुणोत्तर (एएफआर) 14.7, ई20 चं साधारण 13.5, म्हणून आठ-नऊ टक्के आणखी, म्हणजे 415 सीसी. ट्यूनिंग एएफआरवर न करता लॅम्डावर (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचं आदर्श गुणोत्तर) करा, म्हणजे इंधन बदललं तरी घोळ होत नाही. पूर्ण बूस्टला 0.80 च्या आसपास ठेवा. इतक्या जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइपही बदलून घ्या, इथेनॉल त्यांना सोसत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या छोट्या व्हॅक्यूम नळीकडे. मूळ रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब) 3 बार आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये 1 बार बूस्ट असेल, तर रेलवर 4 बार दिसायला हवेत. नळी फाटलेली असली की इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक 2 बारच उरतो आणि प्रवाह 18 टक्क्यांनी घटतो. आयडलिंगला नळी काढली की गेज 3 वर, लावली की अडीचच्या आसपास. एवढं आधी तपासा. पंप निवडताना त्याचा 4 बारवरचा प्रवाह बघा, डब्यावर छापलेला नाही. लोड असताना पंपाच्या प्लगवरचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घसरला, तर वेगळा रिले आणि जाड वायर टाका.

मग बूस्ट. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं झाकण; त्याच्या स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाखाली बूस्ट उतरत नाही, त्यामुळे बूस्ट नियंत्रित करणारा एन75 व्हॉल्व्ह ते फक्त वर चढवू शकतो. एका वेळी 0.1 बार वाढवा, प्लग गॅप 0.7 मिमी ठेवा, प्रत्येक बदल डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लॉग करा. वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत गेलं तर तो क्रीप, म्हणजे वेस्टगेटचं तोंड अपुरं; कंट्रोलरने तो सुटत नाही. या गाडीचा छोटा के03 टर्बो वरच्या आरपीएमला दामटला की हवेपेक्षा उष्णताच जास्त देतो.

प्रत्येक रननंतर एक प्लग काढून बघा. पोर्सलेनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर आधी बूस्ट 0.2 बार खाली आणा, नंतर टायमिंग आणि इंधन तपासा.