गच्चीवर हॉट टब बसवायचाय? आधी स्लॅबचा हिशेब

पाच जणांच्या हॉट टबात साधारण १५०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १५०० किलो. रिकाम्या टबाचे ३०० आणि बसणाऱ्यांचे ३५० धरले की २१५० किलो. तळ २ बाय २ मीटरचा असेल तर दर चौरस मीटरवर जवळपास ५४० किलो! इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चल भार (माणसं-सामान यांचा बदलता भार) धरलाय दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो. साडेतीन पटींचा फरक आहे. नंतर कोब्याचे थर चढवले असतील तर उरलेली ताकद आणखी कमी.

‘मग पाण्याची टाकी कशी उभी राहते?’ असं हमखास विचारलं जातं. टाकी बहुधा जिन्याच्या खोलीवर, कॉलमच्या डोक्यावर असते आणि तिचं वजन डिझाइनमध्येच धरलेलं असतं. टब मात्र नेमका स्लॅबच्या मधोमध हवा असतो, कारण तिथून नजारा चांगला दिसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर आरसीसी ड्रॉइंग बघून लोखंडी बीमवरून वजन कॉलमवर उतरवायचा मार्ग देऊ शकतो. त्याचं लेखी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत टबाला बयाणा देऊ नका.

अंगणात टब ठेवणं आम्हाला केव्हाही बरं वाटतं. फक्त काळी माती असेल तर ती काढून मुरूम ठोकून भरा, वर १५० मिलिमीटरचा आरसीसी थर घाला. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; टब एका बाजूला कलला की पाइपचे जोड गळू लागतात.

परवानगीचं म्हणाल तर छप्पर, भिंत किंवा खोदकाम येत असेल तर आर्किटेक्टमार्फत नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात आधी विचारून घ्या. महापालिका हद्दीबाहेरच्या फार्महाउससाठी एनएमआरडीएकडे (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). सोसायटीची गच्ची सामाईक असते; तिथे सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल.

विजेत मात्र कसलीही काटकसर नको. ३ किलोवॅटचा हिटर आणि १.५ किलोवॅटचे पंप मिळून सुमारे २० अँपिअर होतात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालवायचं नाही. मीटरपासून स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, २५ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. अंगातून ५० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे आरसीसीबीच वाचवतो. तो वारंवार पडत असेल तर बहुधा हिटरच्या कॉइलमध्ये ओल शिरलेली असते किंवा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी मिसळलेला असतो. दोष शोधायचा सोडून आरसीसीबी बायपास करणारा वायरमन घरात घेऊ नका. आयसोलेटर (टबाची वीज पूर्ण तोडणारा स्विच) टबातून हात पोचणार नाही इतका लांब, पण नजरेसमोर हवा. वीजबिलावरचा मंजूर भारही बघा. गिझर आणि एसी धरून तो ओलांडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका. लहान मुलांना एकटं सोडू नका, झाकणाला कुलूप हवं. पाणी ओढणारी तोंडं दोन हवीत, किमान एक मीटर अंतरावर आणि जाळीसकट. एकच तोंड असेल तर केस किंवा अंग ओढलं जाऊन माणूस अडकतो. मोकळं क्लोरीन ३ पीपीएमच्या (लिटरमागे ३ मिलिग्रॅम) खाली येऊ देऊ नका, पीएच ७.२ ते ७.८. कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि जेटच्या तुषारांतून फुप्फुसात जातो.

पावसाळ्यात वापर नसेल तर टब पूर्ण उपसून कोरडा करा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात. उपसताना क्लोरीन उतरू द्या आणि पाणी ड्रेनेजमध्ये सोडा. पावसाळी गटारात सोडलं तर ते नाल्यावाटे थेट गोदावरीत जातं.