रोजनिशी: नवतपा, कूलर आणि ‘चालते’ हे उत्तर

२६ मे, रात्री

कालपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. मालिशच्या तेलाची बाटली कपाटातून काढली तरी कोमट लागते, त्यामुळे वाटी गरम पाण्यात ठेवायचं काम वाचलं. पाठ आणि खांद्यांना एरवी १५ मिली तीळतेल लागतं, या दिवसांत ८-१० मिली पुरतं. घामात तेल जास्त झालं की हात घसरतो आणि ठरल्या जागेच्या पुढे जातो. ज्याच्या अंगावर कधीकाळी नको तो हात पडलेला आहे, त्याला ते दोन बोटांचं अंतरही फार होतं. तेल बिनवासाचंच बरं. मोगरा, चंदन, अत्तर, कुठला वास कुणाच्या कुठल्या दिवसाशी बांधलेला असेल ते बाहेरून कळत नाही. कूलरच्या पाण्यात वाळा टाकला असेल तर तोही आधी सांगावा.

कूलरचं खरं दुखणं आवाजाचं. मोठा कूलर फुल्लवर असला की पालथ्या माणसाचं हळूच म्हटलेलं “थांबा” आपल्याला ऐकू येत नाही, आणि दार वाजलं का, मागे कोण आलं, हे त्याला कळत नाही. म्हणून काही विचारताना कूलर कमीवर. झोत थेट अंगावर नको. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. गार झोत आणि पोटात कमी पाणी, दोन्हींनी त्यांच्या वेदनांचा झटका उठू शकतो. झटका चालू असेल तर मालिश नाहीच, दवाखाना.

लाईट गेली तर हात जिथे आहे तिथेच थांबवायचा, उचलायचा नाही, आणि लगेच बोलायचं: “लाईट गेली. मी तुमच्या उजव्या हाताला उभा आहे. दिवा लावायला दोन पावलं जातो.” अंधारात न सांगता हललेलं माणूस फार मोठं होतं.

आता मुख्य गोष्ट. नागपुरात “जोर जास्त होऊन राहिला का?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “नाही नाही, चालते.” त्यात सौजन्य किती आणि होकार किती, हे वेगळं काढता येत नाही. ज्यांना नाही म्हटल्याची शिक्षा मिळाली आहे त्यांचं ‘चालते’ तर आणखी लवकर येतं. म्हणून प्रश्नच असा हवा की नकार द्यायला काही खर्च पडू नये: “मान करू की राहू देऊ?” “जोर इतकाच ठेवू की कमी करू?” दोन्ही उत्तरं तयार ठेवली की माणूस खरं ते उचलतो. जोराला ० ते १० आकडा द्यायला लावावा आणि पहिल्या खेपेला ४ च्या वर जाऊ नये. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असेल तर हा आकडा फसवा. तिथे हात हलकाच.

सुरुवात करताना, पूर्वी काय घडलं होतं हे विचारायचं नाही. शरीराची पुढची-मागची आकृती आणि पेन्सिल द्यायची: जिथे हात नको तिथे फुली. कारण विचारायचं नाही. पोट, मांडीची आतली बाजू, गळ्याचा पुढचा भाग आणि छाती आपल्या बाजूने आधीच वगळलेली. मनगट आणि घोटा मुठीत धरू नये, तळहात सपाट ठेवावा. पकडलं जाणं हाच कित्येकांचा मूळ अनुभव असतो. चंपी साधी वाटते, पण केस मुठीत धरून मागे ओढणं कुणाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

पालथं झोपायलाच हवं, हा हट्ट कुठून आला कोण जाणे. दार दिसत नाही, तोंड खाली दाबलं जातं, पाठ उघडी. कुशीवर झोपवलं तर पाठीचं काम होतं: डोक्याखाली कान आणि खांदा यांच्यातली फट भरेल इतकी उशी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक, आणि छातीशी धरायला एक. गरोदरपणाच्या उत्तरार्धात तर हेच बरं. कपडे काढायचे नसतील तर खुर्चीवर बसवून, बिनतेलाचं, कपड्यावरून दाबावं. सोबत आलेलं माणूस खोलीत बसलं तरी चालावं, दाराला आपण कडी घालू नये.

पहिला स्पर्श चादरीवरून, खांद्यामागे, सांगून. तीन श्वास तसाच. एक हात टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. हलक्या, सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास चेतातंतू त्वचेत असतात, ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगात जास्त जागे होतात. म्हणजे ४५ सेंटिमीटरची पाठ उतरायला साधारण १५ सेकंद. नवशिका तीन सेकंदांत उतरतो.

चुकतं ते इथे: सैल पडलेलं अंग आणि थिजलेलं अंग यांतला फरक. सैल हात जड आणि उबदार असतो, सोडला की पडतो. थिजलेला हात मेणासारखा, ठेवला तिथेच राहतो. पायाची बोटं आवळलेली, श्वास अडलेला, गप्पा एकाएकी एकेका शब्दावर आलेल्या. तेव्हा हात झटकन काढू नये, आधी थांबवावा, सांगून उचलावा, चादर ओढावी. उठून बसता येत असेल तर पाय फरशीवर, हातात पाण्याचा गार पेला. “दीर्घ श्वास घ्या” हे टाळावं; छाती आधीच धडधडतेय, त्यात घुसमट वाढू शकते. श्वास सोडणं लांबवा, एवढं पुरतं. रडू आलं तर रुमाल द्यावा, खुलासा मागू नये. मालिश करणारा समुपदेशक नव्हे. बोलायचं असेल तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ क्रमांक भिंतीवर लावलेला असावा.

‘स्नायूत साठलेला आघात मोकळा करतो’ असं सांगून पैसे घेणाऱ्यांची मला चीड येते. स्नायू सैल होतो, झोप सुधारू शकते, शरीर काही काळ परकं वाटत नाही. एवढं खरं आहे आणि ते कमी नाही.

भाषेनं एक सोय आयतीच दिली आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यात लिंग ठरतं, ‘तुम्ही आलात’ यात नाही. तृतीयपंथी असोत की अजून कुणाला न सांगितलेले, ‘तुम्ही’नं काम भागतं. घोटाळा होतो तो आपल्या दर वाक्यातल्या भाऊ-ताईनं. “काय म्हणून हाक मारू?” एकदा विचारलं की संपलं. छाती घट्ट बांधणारी पट्टी घातली असेल तर ती काढायला लावू नये, वरूनच खांदे करावेत. शस्त्रक्रियेच्या व्रणाला शल्यविशारदानं हो म्हटल्याशिवाय हात नाही.

चाकाची खुर्ची न विचारता सरकवायची नाही, ती त्या माणसाच्या अंगाचाच भाग. कर्णबधिर व्यक्तीचं तोंड खाली गेलं की संवाद बंद, म्हणून टेबलावर दोन टकटक म्हणजे थांबा, हे आधी ठरवावं. टेबल निदान २०० किलो पेलणारं हवं आणि तो आकडा फोनवरच सांगावा; जाड माणसाला आत आल्यावर टेबलाकडे संशयानं बघायला लागू नये.

उद्या नोंदवहीतला ‘श्री / श्रीमती’ हा रकाना खोडून ‘हाक’ असं लिहायचं. आणि कूलरचं गवत बदलायचं, कुबट वास यायला लागलाय.