काकांची केस आणि इंग्लंडमधले सहा पॉइंट

भांडूपहून मावसभावाचा फोन आला की हल्ली विषय एकच, काकांची केस. काका एलबीएस रोड ओलांडत होते. उजवीकडे बघून पाऊल टाकलं आणि डावीकडून, उलट्या दिशेने आलेल्या मोटरसायकलने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला आणि मग कळलं की गाडीचा इन्शुरन्स केव्हाच संपलाय. आता भरपाईचा दावा थेट त्या पोरावर आहे आणि त्याच्याकडे हप्त्यावरच्या गाडीखेरीज काही नाही.

"अगं, तुमच्या तिकडे इंग्लंडमध्ये असं झालं असतं तर?" दादा विचारतो. तिकडचे कायदे कडक म्हणून लोक धाकात असतात, अशी त्याची पक्की समजूत. खरं तर काही बाबतींत आपलेच कायदे जास्त कडक आहेत. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे. अपघात करून न थांबता पळालात तर इथे तेवढ्याच गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद. आपल्या नव्या न्याय संहितेत माणूस मारून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला आणि ते कलम लागू करायचं राहिलं ते राहिलंच.

आता आकडे बघा. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तरी आपलं प्रमाण चौपटीहून जास्त. हे लोक जन्मतः शिस्तीचे आहेत असंही नाही. १९६६ साली याच देशात एका वर्षात ७,९८५ जण रस्त्यावर मेले होते. १९६७ मध्ये श्वासचाचणी आली, १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला, पुढे कॅमेरे आले. हळूहळू आकडा उतरला.

फरक कुठे पडतो ते मला आमच्या शेजारच्या मुलामुळे नीट कळलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, नुकतं लायसन्स मिळालेलं. लाल सिग्नलला गाडी उभी असताना फोनवर मेसेज बघत होता, पोलिसाने पाहिलं. दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दंडगुण. दंड आईवडिलांनी भरला असता, पण पॉइंट कुणाला भरता येत नाहीत. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा लेखी, पुन्हा प्रत्यक्ष परीक्षा. त्याची नोकरी गावाबाहेरच्या गोदामात, पहाटेची पाळी, त्या वेळेला बस नाही. नोकरी गेली. त्याने कुणालाही धक्कासुद्धा लावला नव्हता. जुन्या चालकांनाही तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की साधारण सहा महिने गाडीला हात लावता येत नाही.

कॅमेऱ्यात वेग सापडला तर चौदा दिवसांच्या आत घरी नोटीस येते: गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव कळवा. नाव दिलं नाही तर त्याचेच सहा पॉइंट. आपलं ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं. मालकाच्या मोबाईलवर ती साचतात आणि लोक अदालतीत सूट मिळेल म्हणून थांबणारे आपल्या ओळखीतलेच कितीतरी निघतील. चालवणारा मोकळाच राहतो. माझा राग आहे तो यावर.

माणूस गेला तर मात्र इथेही प्रकरण फार पुढे जातं. धोकादायक गाडी चालवून जीव घेतला तर पूर्वी चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होती, जून २०२२ पासून जन्मठेपही होऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, म्हणून एका शिक्षेच्या सुनावणीला मी जाऊन बसले. गेलेल्या बाईच्या मुलीचं निवेदन वाचून दाखवलं. आई नातवाला शाळेतून आणायची, आता ते करायला कुणी नाही, म्हणून मी पूर्णवेळ नोकरी सोडली, असं तिने लिहिलं होतं. आरोपीला ते समोर उभं राहून ऐकावं लागलं. मग न्यायाधीशांनी शिक्षा किती आणि का, हे त्याच्याकडे बघून सांगितलं. इथेही क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, खटले तुंबलेत, घरचे लोक वर्षानुवर्षं ताटकळतात. तरी त्या मुलीचं म्हणणं कोर्टाच्या कामकाजात आलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

आपल्याकडे नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, हायकोर्टाने तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. हे गाजलेलं प्रकरण, म्हणून निदान तिथवर पोचलं. खुब्याच्या हाडाची बातमी होत नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर इन्शुरन्सपाशी येतं. इथे रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि इन्शुरन्स नसलेली गाडी पोलिस जागेवर जप्त करू शकतात. वर तीनशे पौंड आणि पुन्हा सहा पॉइंट. एवढं करूनही विनाविम्याची गाडी कुणाला लागलीच, तर सगळ्या विमा कंपन्यांच्या पैशातून चालणारी एक संस्था जखमीला भरपाई देते. १९४६ पासून. आपल्याकडे पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीसाठी सरकारी योजना आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. काकांना उडवणारा सापडला, म्हणून तीही नाही.

हे सगळं ऐकून दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एम-परिवहन ॲप उघडलं आणि मुलीच्या स्कूल व्हॅनचा नंबर टाकला. इन्शुरन्स चालू होता, पीयूसी संपलेलं. त्याने लगेच व्हॅनवाल्याला फोन लावला आणि आता सोसायटीतल्या बाकीच्या तीन व्हॅनचे नंबर उतरवून घेतोय.